ठक ठक, आत कोण आहे? ड्रायव्हर, प्रोबिंग आणि एका मेलेल्या नेटवर्क कार्डाची गोष्ट

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ‘डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे काय, थोडक्यात लिहा’ हा प्रश्न आपला ठरलेला. आपण सगळे तेच चार मुद्दे लिहितो, मार्क मिळतात, विषय संपतो. पण त्या चार मुद्द्यांच्या आधीचा प्रश्न कोणी विचारतच नाही. मशीनमध्ये कार्ड आहे हे ड्रायव्हरला मुळात कळतं कसं? आणि आहे तर नेमकं कुठल्या पत्त्यावर? ह्या शोधाशोधीला प्रोबिंग म्हणतात, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या रात्री जागायची कारणं बऱ्याचदा इथेच सापडतात.

हॉस्टेलवाल्यांना हे पटकन कळेल. समजा नवीन रेक्टर आले आणि त्यांच्याकडे खोल्यांची यादीच नाही. मग ते काय करणार? एकेक दार वाजवत जाणार. आतून ‘ओ’ आली तर खोली भरलेली, नाही आली तर रिकामी. ह्यात वाईट काय? पण समजा एखादी खोली अशी आहे की तिचं दार वाजवलं की पूर्ण विंगचा फ्यूज उडतो. किंवा दार वाजलं की आतला मुलगा बॅग भरून सरळ गावी निघून जातो. हार्डवेअरमध्ये अशा खोल्या खरोखर असतात, म्हणून हा विषय.

आपल्याला सवय असते रॅमची. रॅममधला बाइट दहा वेळा वाचा, शंभर वेळा वाचा, तो काही बदलत नाही. डिव्हाइसचे रजिस्टर तसे नसतात. ते पत्ता असलेल्या मेमरीसारखे दिसतात फक्त. साधं उदाहरण सिरियल पोर्टच्या १६५५० ह्या चिपचं. पीसीमध्ये पहिला सिरियल पोर्ट ३एफ८ हेक्स ह्या पत्त्यावर असतो. त्या पत्त्यावरून एक बाइट वाचला की आलेल्या डेटाच्या रांगेतला पुढचा बाइट निघून तुमच्या हातात येतो. म्हणजे तुम्ही नुसतं ‘बघितलं’ तरी खऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडचा घास गेला! इंटेलच्या गिगाबिट नेटवर्क कार्डात इंटरप्ट का आला हे सांगणारं एक रजिस्टर असतं, ते वाचलं की त्यातले बिट पुसले जातात. डिबगरच्या खिडकीत असं रजिस्टर उघडं ठेवून तुम्ही स्टेप-स्टेप करत बसलात, तर बग तुम्हीच तयार करताय. हे वाक्य वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण आपले सगळे डिबगिंगचे संस्कार ‘व्हेरिएबल प्रिंट करून बघ’ ह्यावर झालेले असतात.

आता थोडं मागे जाऊ. आयएसए बसच्या काळात कार्डाला स्वतःची ओळख सांगायची सोयच नव्हती. कार्डावर जंपर असायचे, ते हलवून पत्ता ठरवायचा आणि तोच आकडा ड्रायव्हरला सांगायचा. नाही सांगितला तर ड्रायव्हर अंदाजाने दारं वाजवणार. एनई२००० नावाचं एक फार चालणारं आणि स्वस्त नेटवर्क कार्ड होतं. त्याचा नेहमीचा पत्ता ३०० हेक्स. तिथून ३२ पोर्ट त्याचे, आणि शेवटचा, म्हणजे ३१एफ, नुसता वाचला तरी कार्ड रिसेट होतं. आता गंमत बघा. ३०० हेक्सवर एनई२०००च्या ऐवजी दुसरंच काही बसलेलं असेल, तर एनई२०००चा ड्रायव्हर तिथे जाऊन ज्या काही लिहा-वाचा करेल त्याचा अर्थ ते दुसरं कार्ड आपल्या पद्धतीने लावणार. मग मशीन जागच्या जागी थिजायचं. एरर मेसेज नाही, काही नाही. म्हणून लिनक्समध्ये बूट करताना ‘रिझर्व्ह’ नावाचा पर्याय देता यायचा: ३०० हेक्सपासून ३२ पोर्टांना कोणीही प्रोबिंग करताना हात लावू नका, असं आधीच सांगून ठेवायचं. दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’चा बोर्ड.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ मध्ये ह्याच्यावर केलेला उपाय मला फार आवडतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी हार्डवेअर शोधताना मशीन अडकणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. म्हणून प्रत्येक पायरीची नोंद डिस्कवर व्हायची. मशीन अडकलं तर पॉवर बंद करून परत चालू करायचं. सेटअप परत सुरू झालं की ‘डेटक्रॅश’ नावाची लॉग फाईल सापडायची, तिच्यावरून कुठल्या दारापाशी घात झाला ते कळायचं आणि ते दार टाळून पुढे जायचं. ह्याला मी जुगाड म्हणणार नाही. क्रॅश होणारच आहे तर त्याचा पुरावा आधीच लिहून ठेवायचा, ही कल्पना आजही तितकीच उपयोगी आहे.

नुसते पोर्टच नाही, मेमरीचंही हेच. डॉसच्या जमान्यात ६४० केबी ते १ एमबी ह्या पट्ट्यात व्हिडिओ मेमरी, बायोस आणि कार्डांच्या रॉम असायच्या, आणि मधल्या रिकाम्या जागा ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर शोधून वापरायचा. काही नेटवर्क कार्डांची स्वतःची रॅम ह्याच पट्ट्यात दिसायची, पण ती कधी? ड्रायव्हर लोड होऊन त्याने कार्डाला ‘चालू हो’ म्हटल्यावर. ईएमएम३८६ तर त्याच्या आधीच तपासून गेलेला असायचा. त्याला जागा रिकामी दिसली, त्याने ती दिली दुसऱ्याला. मग नेटवर्क सुरू झालं की सगळी बोंब. उपाय एकच, कॉन्फिग फाईलमध्ये डी००० ते डीएफएफएफ वगळ असं हाताने लिहायचं. ‘आत्ता उत्तर आलं नाही’ आणि ‘आत कोणीच नाही’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रॅम किती आहे हे शोधतानाही एक खोडी आहे. आपल्याला वाटतं सोपं आहे, एक आकडा लिहायचा, परत वाचायचा, तोच आला तर रॅम आहे. पण बसच्या तारांना स्वतःची कपॅसिटन्स असते. तुम्ही लिहिलेला आकडा तारांवरच क्षणभर राहतो, आणि समोर रॅम नसतानाही तोच परत वाचला जाऊ शकतो. म्हणून मध्ये दुसऱ्या पत्त्यावर वेगळाच आकडा लिहून मग पहिला तपासतात. अर्थात आताच्या पीसीवर ऑपरेटिंग सिस्टिमने रॅम अशी चाचपत बसायचीच नसते. बायोस किंवा यूईएफआय तिला नकाशा देतं, कुठून कुठपर्यंत रॅम आणि कुठला भाग राखीव. जो शहाणा नकाशा बाजूला ठेवून स्वतः चाचपेल, तो एखाद्या डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये आकडे लिहून येईल.

पीसीआय आलं आणि परिस्थिती खूप सुधारली. प्रत्येक कार्डाला कॉन्फिगरेशन स्पेस मिळाली, म्हणजे दाराबाहेर पाटी. पाटीवर कंपनीचा नंबर, डिव्हाइसचा नंबर, आणि आतल्या मेमरीसाठी बेस ॲड्रेस रजिस्टर, म्हणजे बार. त्या जागी कार्डच नसेल तर सगळे बिट १ वाचले जातात, म्हणून एफएफएफएफ हा नंबर कुठल्याच कंपनीला दिलेला नाही. बारला किती मेमरी लागते हे विचारायची पद्धत तर परीक्षेत विचारावी इतकी सुंदर आहे. बारमध्ये सगळे १ लिहायचे आणि परत वाचायचं. समजा एफएफएफई०००० आलं. खालचे चार बिट इतर माहितीसाठी असतात ते शून्य धरायचे, आकडा उलटा करायचा, एक मिळवायचा. उत्तर २०००० हेक्स, म्हणजे १२८ केबी. पण लक्षात घ्या, ह्या मधल्या काळात बारमध्ये खोटा पत्ता असतो. त्या वेळी कार्डाचं मेमरी डिकोडिंग चालू राहिलं तर ते भलत्याच पत्त्याला उत्तर देईल. म्हणून आधी डिकोडिंग बंद, मग मोजमाप, मग जुना पत्ता परत, मग चालू.

तरीही ड्रायव्हर लिहायला बसलात की पहिल्या दिवशी जे दिसतं ते म्हणजे सगळे एफ. रजिस्टर वाचलं, आठ एफ. दुसरं वाचलं, आठ एफ. ह्याचा अर्थ एकच: उत्तर द्यायला कोणी आलं नाही. का आलं नाही ह्याची कारणं मात्र अनेक, आणि ती बाहेरून आत अशा क्रमाने तपासायची. आधी कॉन्फिगरेशन स्पेस वाचा. तिथेही एफ असतील तर कार्डाची लिंकच गेलेली आहे, ड्रायव्हरच्या कोडकडे बघूच नका. तिथे कंपनीचा नंबर बरोबर येतोय आणि फक्त आतली मेमरी एफ देतेय, तर कमांड रजिस्टरचा एक नंबरचा बिट बघा (मोजणी शून्यापासून). तो मेमरी चालू-बंद करणारा बिट. तो १ असेल तर कार्ड झोपलेलं आहे का बघा. पॉवर वाचवायच्या डी३ अवस्थेत कार्ड पाटी दाखवतं पण दार उघडत नाही. हे सगळं इंटेलच्या पीसीबद्दल हं. एआरएमच्या बोर्डवर अशा वेळी एफ मिळण्याइतकं नशीब नसतं. तिथे बस एरर येऊन कर्नल कोसळतो, आणि बऱ्याच चिपवर एखाद्या भागाचं क्लॉक बंद असताना त्याचं रजिस्टर वाचलं तर प्रोसेसर तिथेच वाट बघत उभा राहतो.

आमच्या प्रोजेक्टच्या ग्रुपला ह्यातलाच एक प्रकार मिळाला. डिपार्टमेंटचा एकच एफपीजीए बोर्ड आहे, पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारा, आणि तो आळीपाळीने चार ग्रुप वापरतात. सकाळी रजिस्टर बरोबर वाचले जायचे. एफपीजीएमध्ये नवीन डिझाइन टाकलं की सगळे एफ. बोर्ड उडाला असं वाटून आख्ख्या लॅबचे चेहरे उतरले, कारण सबमिशनला तीन आठवडे आणि दुसरा बोर्ड नाही. ‘एलएसपीसीआय’ कमांड दिली तर यादीत कार्ड व्यवस्थित, पत्ताही तोच. मग बिघडलं काय? ह्याच कमांडला एक्स हा पर्याय दिला की कार्डाच्या पाटीवरचे खरे बाइट हेक्समध्ये दिसतात. त्यात बार शून्य आणि कमांड रजिस्टरही शून्य! उलगडा असा: नवीन डिझाइन टाकलं म्हणजे एफपीजीएचा पुनर्जन्म झाला, त्याला दिलेला पत्ता तो विसरला. पण कर्नलच्या वहीत जुनी नोंद तशीच होती, आणि साधी यादी ती वहीतली नोंद दाखवत होती. मग सिस्एफएसमधून त्या डिव्हाइसच्या ‘रिमूव्ह’ फाईलमध्ये १ लिहिला, पीसीआयच्या ‘रीस्कॅन’मध्ये १ लिहिला, कर्नलने परत पत्ता दिला, बोर्ड जिवंत. वही काय म्हणते आणि कार्ड स्वतः काय म्हणतं, ही दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा, एवढं एक जरी ह्या लेखातून घेतलंत तरी पुष्कळ.

आता ती मेलेल्या कार्डाची गोष्ट, जी सांगण्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. साल २००८, सप्टेंबर. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत होती. अचानक बातम्या यायला लागल्या की इंटेलची ई१०००ई ड्रायव्हरवर चालणारी नेटवर्क कार्डं मरतायत. रिबूट केल्यावर बरी होणारी नाहीत, कायमची. ह्या कार्डाचा मॅक ॲड्रेस आणि इतर सेटिंग एका छोट्या कायमस्वरूपी मेमरीत असतात, तिच्यातच कचरा लिहिला जात होता. ड्रायव्हर सुरू होताना चेकसम तपासायचा, तो चुकीचा यायचा, आणि ड्रायव्हर कार्डाला हातच लावायला नकार द्यायचा. ज्यांनी आधीच ‘इथटूल’ने त्या मेमरीची प्रत काढून ठेवली होती त्यांना ती परत लिहिता आली. बाकीच्यांची लॅपटॉपमधली, मदरबोर्डला चिकटलेली कार्डं गेली.

ह्याला डिबग कसं करणार? नेहमीची पद्धत म्हणजे जुना चांगला कर्नल आणि नवीन वाईट कर्नल घ्यायचा, मधला तपासायचा, अर्ध्या-अर्ध्याने गुन्हेगाराकडे सरकायचं. पण इथे प्रत्येक ‘वाईट’ उत्तराची किंमत एक मेलेलं कार्ड. शिवाय प्रत्येक वेळी होईलच असं नाही. संशय आधी ई१०००ई ड्रायव्हरवर गेला, मग ग्राफिक्सवर, कारण काही जणांकडे स्क्रीन क्रॅश झाल्यानंतर कार्ड गेलं होतं. ड्रायव्हरमध्ये तात्पुरता बंदोबस्त म्हणून त्या मेमरीवर लिहायलाच कुलूप घालण्यात आलं. रोग्याला वाचवलं, रोग कळला नव्हता.

ऑक्टोबर २००८ मध्ये जो गुन्हेगार सापडला त्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नव्हता. तो होता एफट्रेस, म्हणजे कर्नलमधली कुठली फंक्शन कधी चालतात हे बघायचं साधन. स्टीव्हन रोस्टेड ह्यांनी ते लिहिलं. डिबगिंगचंच साधन, बघा! त्या वेळी त्याचं काम असं चालायचं: प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला कंपायलरने एक छोटा कॉल टाकलेला. फंक्शन पहिल्यांदा चाललं की त्या कॉलचा पत्ता एफट्रेस आपल्या यादीत टिपून घ्यायचा. मग मागे चालणारा एक धागा अधूनमधून उठायचा आणि यादीतल्या पत्त्यांवर जाऊन तो कॉल खोडून तिथे ‘काही करू नकोस’ ही इन्स्ट्रक्शन लिहायचा, म्हणजे कर्नलचा वेग कमी होत नाही.

पण मॉड्यूलमध्ये काही फंक्शन फक्त सुरुवातीला एकदाच लागतात. काम झालं की कर्नल त्यांची जागा मोकळी करतो. फंक्शन गेलं, एफट्रेसच्या यादीत पत्ता राहिला. ३२-बिट इंटेल कर्नलवर मॉड्यूलचा कोड आणि डिव्हाइसची मेमरी जोडायचे पत्ते एकाच पट्ट्यातून दिले जात. म्हणजे खोली रिकामी झाली आणि ती दिली गेली ई१०००ईच्या त्या कायमस्वरूपी मेमरीला. आणि जुनी यादी घेऊन रंगारी दाराशी हजर.

इथे कोणीही म्हणेल, अहो पण रंगवायच्या आधी आत कोण आहे हे बघायला नको? बघत होता! तो ‘कम्पेअर अँड एक्स्चेंज’ ही इन्स्ट्रक्शन वापरायचा. पत्त्यावर अपेक्षित कॉल असेल तरच बदल, नसेल तर सोडून दे. रॅमसाठी हे अगदी सुरक्षित. पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही इन्स्ट्रक्शन प्रत्येक वेळी बसवर लिहितेच. तुलना जुळली तर नवीन आकडा लिहिते, नाही जुळली तर जो वाचला तोच परत लिहिते. रॅममध्ये तोच आकडा परत लिहिला तर कोणाला कळणारही नाही. डिव्हाइसच्या पत्त्यावर मात्र ‘लिहिणं’ हीच आज्ञा असते, आकडा तोच असो की दुसरा. सुरक्षिततेसाठी वापरलेल्या इन्स्ट्रक्शननेच कार्डं मारली.

२.६.२७.१ ह्या दुरुस्ती आवृत्तीत एफट्रेसचा हा भाग बंदच करून टाकला. २.६.२८ मध्ये तो नव्याने आला तेव्हा मागे चालणारा धागा गेला होता, पत्त्यांची यादी कंपाइल करतानाच बनायला लागली, आणि बदल करण्याआधी नीट वाचून, तपासून मगच लिहायची पद्धत आली. तपासात हाती लागलेल्या ई१०००ई ड्रायव्हरमधल्या इतर बारीकसारीक गोष्टीही दुरुस्त झाल्या. मला ह्यात सगळ्यात घाबरवणारी गोष्ट ही वाटते की ई१०००ईचा कोड ओळ न ओळ तपासला असता तरी खरं कारण तिथे सापडलं नसतं.

अशा वेळी उपयोगी पडणारं एक साधन, तेही योगायोगाने २.६.२७ मध्येच आलं: एमएमआयओट्रेस. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्या नूव्होच्या लोकांच्या कामातून ते निघालं. डिव्हाइसची मेमरी जोडलेली पानं ते मुद्दाम ‘हजर नाहीत’ असं दाखवतं. ड्रायव्हरने तिथे वाचलं-लिहिलं की पेज फॉल्ट येतो, साधन पत्ता आणि आकडा टिपून घेतं, ती एक इन्स्ट्रक्शन चालू देतं आणि पान परत लपवतं. डिव्हाइसला जादा एकही वाचन सहन करावं लागत नाही. मात्र त्या काळात एकच प्रोसेसर चालू ठेवतात आणि मशीन गोगलगाय होतं, त्यामुळे वेळेवर अवलंबून असणारे बग ह्यात लपून बसू शकतात. त्याआधी ‘प्रॉक’मधली ‘आयओमेम’ फाईल रूट होऊन बघा, कुठला पत्ता कोणाच्या नावावर आहे ते तिथे लिहिलेलं असतं. रूट नसाल तर सगळे पत्ते शून्य दिसतील, घाबरू नका.

ज्यांना हे सगळं हाताने करून बघायचंय पण डिपार्टमेंटचा बोर्ड जाळायचा नाहीये, त्यांनी क्यूईएमयू घ्यावं. त्यात ‘ईडीयू’ नावाचं एक खोटं पीसीआय कार्ड शिकण्यासाठीच ठेवलेलं आहे. कंपनी नंबर १२३४, डिव्हाइस ११ई८, बार १ एमबीचा. पत्ता ० वर ओळख, पत्ता ४ वर जे लिहाल त्याचे सगळे बिट उलटे होऊन परत येतात, पत्ता ८ वर आकडा लिहिला की फॅक्टोरियल. आणि ८० हेक्सच्या खालचे रजिस्टर चार बाइटांनीच वाचायचे, नाहीतर खरं उत्तर येत नाही. आधी कमांड रजिस्टरचा मेमरीचा बिट बंद करून पत्ता ४ वाचा, मग चालू करून वाचा. हॉस्टेलच्या कुठल्याही लॅपटॉपवर चालतं, मेसला जायच्या आधी होऊन जाईल.